बोरघाटाचा बर्कले आणि आमचं पॅनल

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय आणि दहावीनंतर मी मराठीत सलग दोन पानं लिहिलेली नाहीत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.

गॅदरिंगच्या प्रदर्शनात आमची छोटी रेल्वे ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी पॅनलचं सर्किट मागितलं होतं. म्हणून हा लेख पॅनलवरच लिहायचा होता. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं, की कुठलं बटण कशासाठी लावलं हे सांगायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावीच लागते. त्याचं नाव जेम्स जॉन बर्कले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी, आजच्या मध्य रेल्वेची आई, तिचा हा पहिला चीफ इंजिनिअर. मी त्याला अरेतुरे करतेय याचं कारण एवढंच, की मुंबईच्या बंदरात उतरला तेव्हा तो ३० वर्षांचा होता. बॅक राहिलेले आपले काही सुपर सिनियर साधारण त्याच वयाचे असतील (कृपया हलके घ्यावे).

बर्कलेचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ चा, लंडनच्या हॉलोवे भागातला. शिक्षण किंग्ज कॉलेजात. त्या काळात इंजिनिअर व्हायचं म्हणजे कुणा मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली उमेदवारी करायची. १८३९ च्या सुमारास तो रॉबर्ट स्टीफन्सनच्या ऑफिसात लागला. आपल्याला जॉर्ज स्टीफन्सन माहीत असतो, रॉबर्ट हा त्याचा मुलगा आणि त्या वेळचा इंग्लंडमधला रेल्वेचा सगळ्यात मोठा माणूस. बर्कलेने तिकडच्या दोन-तीन लाईनींवर काम केलं, रॉबर्टचा विश्वास बसला आणि १८४९ मध्ये जीआयपीसाठी माणूस हवा होता तेव्हा त्याने बर्कलेचं नाव पुढे केलं. फेब्रुवारी १८५० मध्ये तो मुंबईला पोचला.

पुढची तीन वर्षं शाळेच्या पुस्तकात येतात म्हणून पटकन सांगते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, तीन इंजिनं. वर्षभराने गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली. हे सगळं सपाटीवरचं काम. खरी परीक्षा कल्याणच्या पुढे होती, कारण तिथून सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. ईशान्येला जायचं तर थळघाट, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो. पुण्याला जायचं तर बोरघाट. घाट चढल्याशिवाय कापूस मुंबईला येणार नव्हता, आणि कंपनीला कापूस पाहिजे होता. आपल्या विदर्भाचा आणि या घाटांचा संबंध इथेच येतो.

आता आमच्याकडे वळते. आमच्या ग्रुपमध्ये सिव्हिलच्या दोघी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या आम्ही दोघी. इंजिन, चार डबे आणि १६.५ मिलीमीटर गेजचे रूळ माझ्या रूममेटच्या मामांनी दिले. त्यांनी परदेशात असताना हौसेने घेतले होते. मी स्वतः लहानपणी पुण्याला कोथरूडमधलं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघितलं होतं, जे १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे सगळे गाड्या बघत होते आणि मी त्या गाड्या चालवणारं टेबल बघत होते. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा असं पॅनल करायचं.

सिव्हिलवाल्या म्हणाल्या, बोरघाट करू. मी हिशोब मांडला. खरा चढ २५ किलोमीटरच्या वर लांब आहे आणि त्यात गाडी १,८३१ फूट वर चढते. आमच्या मॉडेलचं प्रमाण १ ला ८७. म्हणजे लांबी जवळजवळ ३०० मीटर आणि उंची २१ फूट! हॉस्टेलच्या गच्चीवरून मेसपर्यंत रूळ टाकावे लागले असते. शिवाय घाटाचा सगळ्यात कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे आमच्या ८ फुटी प्लायवर गाडी जेमतेम अडीच इंच वर जाणार. मग ठरलं की आख्खा घाट सोडायचा आणि त्यातली एकच जागा करायची. ती जागा म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन.

हे प्रकरण काय होतं ते नीट सांगते, कारण बर्कलेचं डोकं इथे दिसतं. घाटाची पाहणी करायला त्याला काही वर्षं लागली. नकाशे धड नव्हते. डोंगराच्या कडेकडेने माणसं दोरावर सोडून मापं घ्यायची आणि पावसाळ्यात चार महिने सगळं बंद. गाडी एका डोंगराच्या अंगाने वर येते, पण खंडाळ्याच्या खाली अशी जागा लागते की समोर दरी आहे आणि गोल वळण घ्यायला जागाच नाही. लहान वळण घेतलं तर एवढ्या चढावर गाडी वळणार नाही. बर्कलेने वळण घेतलंच नाही. डोंगराच्या पुढे आलेल्या सोंडेवर त्याने रूळ सरळ टोकापर्यंत नेले आणि तिथे थांबवले. गाडी टोकावर येऊन थांबणार, इंजिन सुटून बाजूच्या रुळावरून मागच्या टोकाला लागणार आणि गाडी उलट दिशेने, पण वरच्या लाईनवर, खंडाळ्याकडे निघणार. इंग्रजी झेड अक्षर डोळ्यापुढे आणा. नकाशे मंजुरीला रॉबर्ट स्टीफन्सनकडे जायचे, कारण तो कंपनीचा सल्लागार होता. त्याने मान्यता दिली.

मला आधी वाटलं हे तर फारच सोपं. मॉडेलमधलं इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालतं. एका रुळाला प्लस, दुसऱ्याला मायनस. उलटं केलं की इंजिन उलटं धावतं. एक डीपीडीटी स्विच क्रॉस करून जोडला की झालं रिव्हर्सिंग स्टेशन. पहिलं पॅनल मी असंच केलं, एका संध्याकाळी, हार्डबोर्डच्या तुकड्यावर. सरांना दाखवलं. त्यांनी गाडी पुढे नेली, मागे नेली आणि विचारलं की आता इंजिन गाडीच्या मागे का आहे. ते बरोबर होतं. माझ्या पॅनलवर इंजिन डब्यांना ढकलत घाट चढत होतं. बर्कलेच्या स्टेशनात इंजिन जागा बदलत होतं, आणि तेच तर सगळं काम होतं.

मग दुसरं पॅनल. इंजिनला बाजूने फिरून यायला समांतर लाईन आली, तिच्या दोन्ही टोकांना सांधे आले. खालची आणि वरची लाईन जिथे वेगळी होते तिथे तिसरा सांधा. रुळांचे पाच सेक्शन कापून वेगळे केले, प्रत्येकाला पॅनलवर एक स्विच, म्हणजे इंजिन फिरत असताना बाकीच्या सेक्शनचा सप्लाय बंद ठेवता येतो. सांधे हलवायला कारच्या दाराच्या सेंट्रल लॉकच्या मोटरी वापरल्या. गॅरेजमधून जुन्या मिळतात आणि १२ व्होल्टवरच चालतात. त्यांना मी साधे टॉगल स्विच लावले ही माझी घोडचूक. सांधा फिरला तरी सप्लाय चालूच, मोटर अडकून तापली आणि लॅबमध्ये असा वास सुटला की लॅब असिस्टंट काका धावत आले. नंतर पुशबटणं लावली. दाबलं, टक आवाज आला, सोडलं.

पॅनलचं तोंड मात्र मनासारखं झालं. पांढऱ्या ॲक्रिलिक शीटवर काळ्या टेपने लाईनचा नकाशा, आणि प्रत्येक सांध्याजवळ एक हिरवा आणि एक लाल एलईडी, १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. खऱ्या स्टेशनच्या पॅनलवर असंच असतं. रूट लागला की पांढरे दिवे लागतात आणि त्या रुळावर गाडी आली की तेच लाल होतात. तिथे सांधा फिरवायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे कुणाचा चुकून हात लागला तर सांधा हलू नये. आम्ही ती कल्पना उचलली, दोन पुशबटणं सिरीजमध्ये. प्रदर्शनात लहान मुलं बटणांवर तुटून पडली तेव्हा याचा फायदा कळला.

बर्कलेकडे यातलं काही नव्हतं. वीज नव्हती, पॅनल नव्हतं. टोकावर सांधेवाला उभा, हातात झेंडी नाहीतर कंदील.

बोरघाटाचं काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. ठेकेदार होता फॅव्हिएल. २५ बोगदे, ८ मोठे पूल, सगळा काळा बेसाल्ट. डायनामाइट तेव्हा निघालंच नव्हतं. हाताने पहार मारून भोक पाडायचं, त्यात बंदुकीची दारू ठासायची आणि पळायचं. काही ठिकाणी मजूर कड्यावरून दोराला बांधून खाली सोडत. दरम्यान खंडाळा ते पुणे लाईन १८५८ मध्ये सुरू पण झाली होती. त्यामुळे काही वर्षं लोक खोपोलीपर्यंत रेल्वेने यायचे, मग पालखी किंवा तट्टावर बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला परत रेल्वेत बसायचे. माझ्या मते ट्रेकिंग विथ रिझर्व्हेशन.

१८५९ च्या जानेवारीत मजुरांनी बंड केलं. पगार थकले होते. वरच्या ठेकेदाराकडून खालच्याकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे, असे पैसे खाली येईपर्यंत संपून जात. मारामारी झाली, एक युरोपियन माणूस मेला, चौकशी बसली. फॅव्हिएलने काम सोडून दिलं. त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस सोबत आलेली होती. तिने ठेका सोडला नाही. दोन अनुभवी इंजिनिअर नेमून तिने काम पुढे चालू ठेवलं. आमच्या ग्रुपला ही बाई भयंकर आवडली. सिव्हिलवाल्यांनी तर डोंगराच्या एका कोपऱ्यात छत्री घेतलेली एक छोटी बाहुली उभी केलीय, बऱ्याच जणांना ती कोण ते कळलं नाही. ती ॲलिस ट्रेडवेल.

१८६१ मध्ये एका वेळी ४२,००० पर्यंत माणसं घाटात कामाला होती. कॉलरा यायचा तेव्हा तांडेच्या तांडे संपायचे आणि उरलेले पळून जायचे. एकूण किती मेले याची धड नोंद नाही. २५,००० हा आकडा अनेक ठिकाणी छापलेला असतो. तो थोडा कमी-जास्त असला तरी आपल्या कॉलेजच्या सगळ्या बॅच सुरुवातीपासून मोजल्या तरी तेवढी मुलं होतील का, शंका आहे.

यावरून आमच्यात भांडण झालं. पॅनलच्या वर नावाची पट्टी लावायची होती. मी बर्कलेचं नाव कोरून आणलं होतं. माझी रूममेट पुलगावची. तिचे आजोबा रेल्वेत गँगमन होते, उन्हाळ्यात रूळ तापले की हातोडा घेऊन लाईन तपासत चालायचे. ती म्हणाली की बर्कलेने दोरावर लटकून एक तरी भोक पाडलं का. मी म्हटलं, त्याने लाईन आखली नसती तर भोक पाडायचं कुठे हेच कळलं नसतं. दोघींचंही खरं होतं आणि दोघी दोन दिवस बोललो नाही. बर्कलेच्या बाजूने मला एक मुद्दा सापडला. इथल्या माणसांना कामं देऊ नयेत, त्यांना जमणार नाही, असं बहुतेक इंग्रज म्हणत होते, तेव्हा त्याने जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदाराला लाईनची कामं दिली आणि ती उत्तम झाली. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये तो भाषणं द्यायचा, विद्यापीठाच्या सिनेटवर पण होता. पण घाटातला पगार मजुराच्या हातात नीट पडतो की नाही हे त्याने बघायला हवं होतं, असं मलाही वाटतं. चीफ इंजिनिअर होता तो. शेवटी पट्टीवर नुसतं बोरघाट १८५६-१८६३ एवढंच लिहिलं.

मुंबईची हवा बर्कलेला कधीच मानवली नाही. मध्ये एकदा तो इंग्लंडला जाऊन आला. १८६० मध्ये त्याने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे जीआयपीवर पेपर वाचला, त्याला टेलफर्ड मेडल मिळालं. १८६१ मध्ये तब्येत पार ढासळली म्हणून त्याला भारत सोडावा लागला, आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅमला तो वारला. वय ४२.

बोरघाट पूर्ण झाला २१ एप्रिल १८६३ ला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी उद्घाटन केलं. म्हणजे फक्त आठ महिने कमी पडले. आपल्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकावर पहिली पॅसेंजर गाडी येऊन थांबते आणि उलटी निघते, हे त्याला बघायला मिळालं नाही. थळघाट १८६५ मध्ये उघडला, तोही नाही. आणि मुंबई-नागपूर लाईन, जिच्या पाहणीचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं, ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली. गंमत म्हणजे तो वारला त्याच १८६२ मध्ये आपला वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. तेव्हा वर्धा शहर पण नव्हतं, पालकवाडी नावाचं खेडं होतं, आणि जिल्ह्याचं मुख्य ठिकाण पुलगावजवळ कवठ्याला होतं. (रूममेटला हे सांगितल्यापासून ती स्वतःला राजधानीची समजते.)

त्याने बांधलेलं सगळंच टिकलं असं नाही. जुलै १८६७ च्या पावसात घाटातला मोठा पूल कोसळला, आणि दगडी बांधकामाचा दर्जा कसा होता यावर मोठी चौकशी झाली. जानेवारी १८६९ मध्ये खंडाळ्याकडून उतरणारी एक गाडी ब्रेक न लागल्यामुळे रिव्हर्सिंग स्टेशनला थांबलीच नाही. टोक ओलांडून पुढे गेली.

हे मी आधी वाचलेलं नव्हतं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ट्रायल चालू होती, लेडीज हॉस्टेलची वेळ होत आली होती, घाईत माझा हात रेग्युलेटरवर राहिला. इंजिन टोकावरून सरळ खाली, फरशीवर. बफरचा तुकडा उडाला आणि मामांना काय सांगायचं म्हणून रूममेट रडायला लागली. सर शांतपणे म्हणाले की तुम्ही अपघातसुद्धा ऐतिहासिक केलात, आणि मग त्यांनी १८६९ ची गोष्ट सांगितली.

त्यावरचा उपाय एक रुपयाचा निघाला. टोकाचा शेवटचा एक फूट रूळ कापून वेगळा केला आणि त्या फटीवर १एन४००७ डायोड लावला. टोकाकडे जाताना जो करंट लागतो तो डायोड अडवतो, इंजिन आपोआप थांबतं. डीपीडीटी उलटा केला की करंट डायोडमधून जातो आणि इंजिन मागे निघतं. स्विच नको, माणूस नको, लक्ष द्यायला नको. त्या एका डायोडकडे मी नंतर किती वेळ बघत बसले होते. घाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग असतात, तीही याच जातीची गोष्ट. सांधा नेहमी चढाच्या, वाळूच्या बाजूला लावलेला असतो. गाडी आधी पूर्ण थांबल्याशिवाय मेन लाईन मिळतच नाही. पळून आलेली गाडी वाळूत जाऊन रुतते. आम्ही वरच्या लाईनवर एक कॅच सायडिंग केली, म्हणजे चौथा सांधा. त्याच्यासोबत एक रिले लावला, सांधा मेन लाईनला असेल तरच पुढच्या सेक्शनला सप्लाय मिळतो. पॅनलमधला सगळ्यात कठीण भाग हाच होता आणि प्रदर्शनात कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

खरं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं. तोपर्यंत घाटात वीज येत होती, जास्त ताकदीची इंजिनं होती, नवीन बोगदे खणून लाईन दुसरीकडून नेली. आता पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्यानंतर खिडकीतून जुन्या लाईनचे अवशेष दिसतात. मागच्या सुट्टीत मी मुद्दाम दाराशी उभी राहिले होते. दोन सेकंदांत गेले.

आमचं मॉडेल सध्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये मागच्या कपाटावर ठेवलेलं आहे. डोंगराला उंदरांनी एका बाजूने कुरतडलंय. पॅनलवरचा तीन नंबरच्या सांध्याचा लाल एलईडी लागत नाही, बहुतेक मागची सोल्डरिंग सुटलीय. सर्किट ड्रॉइंग पॅनलच्या आतच चिकटवलेलं आहे. सेकंड इयरपैकी कुणाला हात लावायचा असेल तर चावी काकांकडे आहे, फक्त सांध्यांची बटणं दाबून धरू नका.